युवक शाखाप्रमुख, वय चौसष्ट

माझं नाव नरहर चिंचोळकर. रायपूरच्या पुरानी बस्तीत मराठी स्नेहवर्धक मंडळ आहे, त्याच्या युवक शाखेचा मी प्रमुख. वय चौसष्ट. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे याहून वाईट आहे.

मी प्रमुख झालो तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो. शाखेची नियमावली मीच लिहिली: सदस्य पुरुष असावा, वय अठरा ते पस्तीस. मी पस्तिशी ओलांडली तरी जागा घ्यायला कोणी येईना, म्हणून अट पंचेचाळीस केली. मग पंचावन्न. मग पासष्ट. दर वेळी ठराव मी मांडला, शेखरनं अनुमोदन दिलं आणि चारुदत्तनं टाळ्या वाजवल्या. हे दोघे माझे लहानपणापासूनचे सोबती. शेखर रेल्वेतून निवृत्त झाला, चारुदत्तचं चष्म्यांचं दुकान आहे. चौथा अच्युत. तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे, त्यामुळे त्याला आम्ही अजून 'छोटू' म्हणतो आणि जड सामान त्याच्याकडे देतो. झाली युवक शाखा. यंदा अट सत्तरवर न्यायचा ठराव माझ्या खिशात तयार होता. माझी बायको विमला म्हणाली, "तुमाले म्हातारं व्हायचं नाही, म्हणून तरुणपणाचंच वय वाढवून राहिले."

यातली खरी गंमत पुढेच आहे. मी आयुष्यभर लोकांची वयंच मोजली. राज्याच्या सांख्यिकी कार्यालयात होतो. छत्तीसगड वेगळं झालं, भोपाळहून फाइलींचे गठ्ठे आले, आणि वयोगटांचे तक्ते माझ्या टेबलावर पडले. शून्य ते चार, पाच ते नऊ, अशा उतरंडीनं थेट ऐंशी आणि त्यापुढे. गावात माणसाला वय विचारलं की तो चाळीस सांगतो नाहीतर पन्नास. सत्तेचाळीस कोणी सांगत नाही. हे गोल आकडे गणितानं पकडायचे आणि सरळ करायचे, हे माझं काम. सगळ्या राज्याच्या वयातला खोटेपणा मी पकडला. पासष्टचा ठराव मात्र मला अगदी शास्त्रशुद्ध वाटला.

आता मुख्य गुन्हा सांगतो. दोन हजार तीन साली मंडळानं जुनी पत्र्याची शेड पाडून दुमजली इमारत बांधायला घेतली. खाली काय आणि वर काय, यावर सभा भरली. मी बेचाळीस वर्षांचा, राजधानीच्या कार्यालयातला माणूस, निळ्या पेन्सिलीनं काढलेला आलेख घेऊन उभा राहिलो. आलेखाचा पाया रुंद, टोक निमुळतं. म्हटलं, "राजधानी झाली आहे. बदल्या होतील, नागपूर-अमरावतीकडून नवीन माणसं येतील, त्यांना मुलं होतील. दहा वर्षांत आपल्या बालवाडीत शंभर मुलं असतील. म्हातारे किती राहतील? बारा-पंधरा. तेव्हा खाली बालवाडी आणि वर सभागृह. मोठी माणसं जिना चढतील, त्यांना काय झालंय?"

ठराव एकमतानं झाला, कारण आकड्यांशी भांडायची कोणाची टाप नव्हती. मग मी बालवाडीचं बांधकाम जातीनं करवून घेतलं. चाळीस बुटक्या खुर्च्या आणल्या. हात धुवायची बेसिनं गुडघ्याच्या उंचीवर बसवली. दप्तरं अडकवायचे खिळे माझ्या मांडीला लागतील इतके खाली ठोकले. फळाही खाली. गवंडी म्हणाला, "साहब, एक-दो बड़ा वाला भी लगा दें?" मी त्याला लोकसंख्येचं शास्त्र समजावून सांगितलं. तो गप्प बसला, जसे शहाणे लोक बसतात.

पुढे काय झालं ते कुठल्याही मराठी घरात डोकावून बघा. आमची मुलं शिकली, पुण्याला गेली, हैदराबादला गेली, आणखी लांब गेली. माझा अभिनव पुण्यात आहे. नवीन माणसं आली, नाही असं नाही, पण ती पुरानी बस्तीत कशाला येतील? त्यांनी नवा रायपूरला फ्लॅट घेतले. तिथं रस्ते असे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर फोन लावावा. गेल्या सात वर्षांत मंडळात सहस्रचंद्रदर्शनं झाली अकरा आणि बारसं एकही नाही. मी हल्ली सभासदांचा आलेख काढतच नाही. काढला तर तो भोवऱ्यासारखा टोकावर उभा राहील.

आणि मुलं नव्हती असंही नाही, हीच तर चीड आहे. आकडा माझा बरोबर होता, पत्ता चुकला. बीरगांवला जाऊन बघा, कारखान्यांच्या मागच्या वस्तीत घराघरांतून मुलं सांडत असतात. एकदा मी आमच्या बालवाडीची पत्रकं घेऊन तिथं गेलो होतो. दारात लसूण निवडत बसलेल्या बाईला मी मराठीचं महत्त्व पटवून दिलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मराठी सीख के का करही, बाबूजी?" पाच मैलांवरून रोज मुलाला कोण आणून सोडेल, हेही तिनं विचारलं. पत्रकं परत आणली, मागची बाजू कोरी होती, ती वाण्याच्या याद्यांना कामी आली.

बालवाडी चालवायच्या अंजनाबाई. लग्न होऊन वर्ध्याकडून रायपुरात आल्या आणि विशीतच देवळाच्या ओसरीवर त्यांनी वर्ग सुरू केला. मी, शेखर, चारुदत्त, अच्युत, आम्ही चौघं त्यांच्याच हाताखालून गेलो. मला बाईंनी नाक शिंकरायला शिकवलं. त्यापुढचं शिक्षण सरकारनं केलं. देवळाच्या ओसरीवर साठ-साठ पोरं असायची. माझ्या नवीन इमारतीत पहिल्या वर्षी सतरा आली. मग सहा राहिली, मग दोन. शेवटचा चारुदत्तचा नातू नील. एक वर्षभर बाई आणि नील असे दोघंच 'अ अननसाचा' करत. नंतर तोही हैदराबादला गेला. त्याला सहा वर्षं झाली.

बाई मात्र येतच राहिल्या. दहाच्या ठोक्याला ई-रिक्षातून उतरायच्या, पदरानं एकेक खुर्ची पुसायच्या, फळ्यावर तारीख आणि वार लिहायच्या आणि बारापर्यंत बसून असायच्या. मंडळात दर सहा महिन्यांनी कोणीतरी विषय काढायचं: जिना चढवत नाही, खालची खोली आपल्याला द्या. वर चढता न येणारे आता तीसच्या वर झाले होते. मंडळाचा चिटणीसही मीच असल्यामुळे उत्तर मीच द्यायचो. उभा राहायचो, आवाज जड करायचो आणि म्हणायचो, "बाईंचं मन मोडेल." सगळे खाली बघायचे. विषय संपायचा.

यावर उपाय म्हणून मी खुर्चीसेवा काढली. खुर्चीला दोन बांबू बांधायचे, म्हाताऱ्या माणसाला बसवायचं आणि युवक शाखेनं चौघांनी खांद्यावर घेऊन वर न्यायचं. पहिली काही वर्षं बरी गेली. मग आमचेच गुडघे बोलू लागले. ज्यांना नेत होतो ते आमच्यापेक्षा दहा-वीस वर्षांनी मोठे, एवढाच काय तो फरक. शेखरच्या आईला उतरवताना शेखर हाफला, तर ती वरून म्हणाली, "बस रे जरासा, मी थांबते." बाई स्वतः कधी खुर्चीत बसल्या नाहीत. वर कार्यक्रम असला की त्या खाली बालवाडीत बसून छतातून येणारं गाणं ऐकायच्या. हे मला माहीत होतं. जिन्यावरून जाता-येता दिसायचं.

गेल्या वर्षी देवश्री आली. सव्वीस वर्षांची, मूळची अमरावतीची, नवा रायपूरला एका संस्थेत नोकरी. तिनं मंडळात येऊन सांगितलं, "काका, मले युवक शाखेत यायचं आहे." तीस वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघितली तो आला, आणि मी काय केलं असेल? नियमावली काढली. सदस्य पुरुष असावा. शिवाय राहणं दूर, बस मिळत नाही, खुर्चीसेवेचं काम जड. ती सगळं ऐकून म्हणाली, "ठीक आहे. पण काका, तुम्ही लोकांना वर नेण्यापेक्षा कार्यक्रमच खाली काहून नाही आणत?" मी म्हटलं, "तुला इथल्या भावना समजायच्या नाहीत. बाईंचं मन मोडेल." ती "हो का" म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मला ती पोट्टी उद्धट वाटली.

आणि यंदाच्या फेब्रुवारीत बाईंचंच सहस्रचंद्रदर्शन आलं. ऐंशी वर्षं आठ महिने. मी घरी जाऊन म्हटलं, "बाई, सभागृहात करू. सगळं मंडळ असेल."

बाई म्हणाल्या, "मले वर नाही जमत, नरहर. घरीच दोन दिवे ओवाळा."

"अहो, आम्ही आहोत ना! तुमचे चार विद्यार्थी खांद्यावरून नेतील."

बाईंनी माझे खांदे बघितले. मग म्हणाल्या, "हव, बेटा. तू म्हणतोस तर बसते."

रविवार सकाळची वेळ ठरली. बाईंची मुलगी चित्रा नाशिकहून आली. वर सत्तर माणसं जमली. जी चढू शकत होती ती आठ वाजल्यापासून चढायला लागली होती. विमलानं आणि बाकीच्यांनी कणकेचे एक्क्याऐंशी दिवे केले होते. आणि मी, या सोहळ्याला साधी खुर्ची शोभणार नाही म्हणून, माझ्या वडिलांची सागवानी आरामखुर्ची आणली होती, लांब हातांची, पाय पसरायची. तिला झेंडूच्या माळा लावल्या, बांबू नवीन घेतले. बाईंचं वजन विचारलं, खुर्चीचं तोललं, चार खांद्यांना भागिलं. आपल्याला हिशेब कोणी शिकवायला नको!

जिना सव्वीस पायऱ्यांचा. तेरा पायऱ्यांवर वळण आहे. तिथंपर्यंत आम्ही ठीक गेलो. अच्युत आणि शेखर पुढे, मी आणि चारुदत्त मागे, आणि मी 'एक, दो' म्हणत होतो. वळणावर खुर्ची फिरवली तर एक हात भिंतीला लागला. उलट फिरवली तर दुसरा कठड्यात अडकला. साधी खुर्ची तिथं वळायची. आरामखुर्ची वळत नाही. तक्त्यांत आयुष्य घालवलेल्या माणसानं जिना तेवढा मोजला नव्हता.

"उचला थोडी," मी ओरडलो. चारुदत्तनं उचलली आणि त्याच्या कंबरेतून असा आवाज आला की तो बाईंनाही ऐकू गेला. खुर्ची तिथल्या तिथं टेकली, वळणात तिरकी रुतून बसली. चारुदत्त भिंतीला धरून अर्धवट वाकलेला, तो ना सरळ होई ना बसे. शेखर दम खात पायरीवर बसला. अच्युत वरच्या बाजूला होता, तो वर अडकला. मी खाली. आणि मधे फुलांच्या माळांत आमच्या बाई.

वरून हाका येऊ लागल्या. "काय झालं?" "आणा लवकर, दिवे विझून राहिले!" खाली न चढू शकणारी तीस माणसं दारात उभी, त्यांना काही दिसत नव्हतं. वरच्यांना उतरता येत नव्हतं, कारण जिना बाईंनी, म्हणजे मी, बंद केला होता. चित्रा वरून म्हणत होती, "आई, घाबरू नकोस गं." अजूनही मी म्हणत होतो, "बाई, पाच मिनिटं. आणखी दोघांना बोलावतो."

"कोणाले बोलवशील?" बाईंनी विचारलं.

मी मनातल्या मनात यादी काढली. आम्हा चौघांखेरीज पासष्टच्या आतलं आणि हर्निया न झालेलं त्या इमारतीत पुरुष म्हणून कोणी नव्हतं.

देवश्री तेवढ्यात कठड्यावरून पाय टाकून वरून आमच्यापर्यंत पोचली. तिच्या हातात पाण्याची बाटली होती. ती बाईंना देत म्हणाली, "बाई, खालीच करायचं का?"

मी लगेच म्हटलं, "ते नाही होणार. बाईंचा वर्ग आहे तो. तो हलवला तर बाईंचं..."

"नरहर," बाई म्हणाल्या. वर्गात ज्या आवाजात म्हणायच्या त्याच आवाजात. मी थांबलो. "माझं मन माझ्याजवळ आहे. तू काहून घेऊन फिरतोस?"

शेखर पायरीवर खाली मान घालून हसायला लागला.

"सहा वर्षं झाली, पोट्टं नाही त्या खोलीत," बाई म्हणाल्या. "मले दिसत नाही का? पण तू तो कागद घेऊन सभेत उभा राहिला होतास, शंभर मुलं येतील म्हणून. केवढा खूश होतास. मग एकही येईना. मी म्हटलं, आपणही नाही आलो तर या पोराले किती लागेल. म्हणून येत होते. तुझ्यासाठी."

मला वाटलं होतं, मी बाईंना सांभाळतो आहे. ऐंशी वर्षांची बाई, गुडघ्यांत जीव नाही, रोज ई-रिक्षात बसून येत होती, कारण चौसष्ट वर्षांच्या एका पोराचा आलेख चुकला होता. मला लाज वाटली. इतकी की डोळ्यांत पाणी आलं, आणि हात बांबूत गुंतल्यामुळे ते पुसताही येईना. आणि खरं सांगायचं तर ती खोली मी बाईंसाठी राखली नव्हतीच. ती रिकामी केली असती तर आपण चुकलो हे लिहून द्यावं लागलं असतं. ठरावात, माझ्याच अक्षरात.

"आता मले उतरव," बाई म्हणाल्या.

उतरवणार कोण? ते बाईंनीच ठरवलं. देवश्रीच्या खांद्यावर हात ठेवून त्या खुर्चीतून उठल्या, पदर खोचला, वळणावरच्या पायरीवर बसल्या आणि बसल्या बसल्या एक पायरी खाली सरकल्या. मग दुसरी. देवळाच्या पायऱ्या उतरायला आम्हाला त्यांनी असंच शिकवलं होतं. पाय पुरत नाहीत तोवर बसून उतरायचं, पडणार नाही. "लाजायचं नाही," त्या प्रत्येक पायरीला म्हणत होत्या, आम्हाला की स्वतःला कोण जाणे. आठव्या पायरीपासून त्या हसायला लागल्या. नवीन नऊवारी, गळ्यात हार, आणि बाई घसरगुंडीवरच्या पोरीसारख्या हसत खाली आल्या. खाली उभ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मी चावी काढली आणि बालवाडी उघडली.

वरच्या माणसांना उतरायला पाऊण तास लागला. खुर्ची सोडवायला तिचा एक हात कापावा लागला. वडील वरून बघत असतील तर त्यांनी मला पुन्हा एकदा ओळखलं असेल. दिव्यांची ताटं देवश्रीनं एकटीनं सहा खेपांत खाली आणली. तेवढ्या वेळात अध्यक्ष श्यामराव, वय एकोणऐंशी, एका बुटक्या खुर्चीवर बसून गेले आणि त्यांचे गुडघे कानांजवळ आले. त्यांना उठवायला दोन माणसं लागली. पण बेसिनवर त्यांनी पाय धुतले आणि जाहीर केलं की इतकी सोयीची बेसिनं त्यांनी आयुष्यात पाहिली नाहीत. बाईंना ओवाळलं. शंभर माणसं त्या खोलीत मावली. मुलांची नव्हती, पण संख्या शेवटी भरली एकदाची, असं मी विमलाला म्हटलं. ती म्हणाली, "गप्प बसा आता."

जेवणं तिथंच झाली. मी मांडीच्या उंचीचा एक खिळा उपटत होतो, कारण त्यानं शेखरचं धोतर फाडलं होतं. तेवढ्यात मागे चित्राचा आवाज आला.

"आई, आता झालं ना? शाळा बंद झाली. आता चल नाशिकला. मी बुधवारची दोन तिकिटं काढली आहेत."

बाई पानातला भात कालवत राहिल्या.

चित्रा मला म्हणाली, "दादा, बारा वर्षं मी हिला बोलावते आहे. दर वेळी एकच: माझी शाळा आहे, कशी येऊ? तिथं माझ्या घरी खोली आहे, लिफ्ट आहे. इथं ही एकटी. तुम्ही आज मोठंच काम केलंत, मी तुमचे आभार मानते."

मी बाईंकडे बघितलं. वळणावर किती ठसक्यात म्हणाल्या होत्या, तुझ्यासाठी येत होते. ते खोटं नव्हतं. पण आता त्यांचा हात पानात थांबला होता आणि त्या खोलीभर बघत होत्या. फळा, खुर्च्या, खिडकी. मला कळलं. एवढी वर्षं माझ्या मूर्खपणानं एकच चांगलं काम केलं होतं: बाईंना रायपुरात ठेवलं होतं. आणि तेवढंच मी आज दुरुस्त करून बसलो होतो.

"बंद कुठं?" मी म्हटलं. "उद्या दहाला वर्ग आहे."

"कोणाचा?"

"आमचा. ज्यांना जिना चढवत नाही त्यांचा. वाचन करू, गाणं म्हणू, काहीही. बाई सांगतील ते."

चित्रा हातातली वाटी खाली ठेवून म्हणाली, "दादा, मला सगळं कळतं. तुम्ही हे आईचं मन मोडू नये म्हणून करताय. सहा वर्षं हेच चाललं होतं ना? आता पुन्हा तेच. खरं सांगा, ही खोली कोणासाठी चालवायची आहे?"

सगळी खोली ऐकत होती. शेखर, वाकलेला चारुदत्त, श्यामराव, देवश्री. "बाईंसाठी" हा शब्द सवयीनं ओठांवर आला होता. त्या शब्दानं माझी सभेत कधी हार झाली नव्हती.

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "मी दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो, चित्रा. अभिनव पुण्याहून रविवारी फोन करतो, आठ मिनिटं. विमला तिच्या भजनाला जाते. रोज सकाळी दहा वाजले की मले कुठंच जायचं नसते. मी इथं येऊन जिन्यावर बसतो आणि दारातून बाईंना खुर्च्या पुसताना बघतो. युवक शाखेचं काम आहे म्हणून घरी सांगतो. काम काही नसते. मी म्हातारा झालो आणि मले करमत नाही. बाई गेल्या तर मी कुठं जाऊ?"

एवढं सलग खरं मी सभेत कधी बोललो नव्हतो. विमलानं ताट खाली ठेवलं. ती येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. खिशातला सत्तरचा ठराव काढून मी देवश्रीच्या हातात दिला आणि म्हटलं, "पोरी, हा फाड. शाखा तू सांभाळ, नियम तुझे तू लिही." तिनं वाचला आणि पहिल्यांदा माझ्यासमोर मनापासून हसली.

चित्रानं आईकडे बघितलं. मग तिनं मोबाइल काढला.

"एक तिकीट रद्द करते," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत. दिवाळीत येऊन बघेन खरंच वर्ग भरतो का."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला, मग तोच पदर झटकला आणि माझ्याकडे वळल्या. "दहा म्हणजे दहा, नरहर," त्या म्हणाल्या. "आणि रुमाल घेऊन ये. तुझं नाक अजून वाहते."